४२ मिलिमीटरचा डॅक: प्रकल्प नोंदी

८ ऑक्टोबर २०२३

हॉलमधल्या शोकेसमध्ये ॲम्प्लिफायरच्या खाली ५० मिमीची फट आहे. ॲम्प्लिफायर हलवायला घरातून परवानगी नाही, शोकेसला हात लावायचा तर प्रश्नच नाही. तेव्हा जो काही डॅक होईल तो या फटीत गेला पाहिजे. रबरी पायांना ५ मिमी, हवेला ३ मिमी सोडले की डब्याला उरतात ४२. रॅकच्या मापात सांगायचं तर १ यू म्हणजे ४४.४५ मिमी, त्याहूनही थोडा बुटका.

डॅक म्हणजे लॅपटॉपमधून येणाऱ्या आकड्यांचं तारेतून जाणाऱ्या व्होल्टेजमध्ये रूपांतर करणारा डबा. बाजारात आज शेंगेएवढे डॅक मिळतात आणि ते वाईट नसतात, हे आधीच सांगून टाकतो. तरी हा बनवायचाय, कारण बर्र-ब्राउनच्या पीसीएम १७९४ए या डॅक चिपवर बरेच दिवस डोळा आहे. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ. आणि मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे याला मायक्रोकंट्रोलर (हुकूम सोडणारी प्रोग्रॅमवाली चिप) लागत नाही. काही पाय ग्राउंडला किंवा ३.३ व्होल्टला बांधले की फॉरमॅट ठरला. कोड लिहायचा नाही, स्क्रीन नाही, मेनू नाही.

कागदावर या चिपची डायनॅमिक रेंज, म्हणजे पूर्ण आवाज आणि तळाचा गोंगाट यांतलं अंतर, १२७ डीबी (डेसिबल) आहे. म्हणजे २ व्होल्टचा पूर्ण आवाज धरला तर तळाचा गोंगाट जेमतेम १ मायक्रोव्होल्ट. हा आकडा भिंतीवर चिकटवून ठेवलाय. एका चपट्या डब्यात २३० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर चिपपासून वीतभर अंतरावर ठेवून १ मायक्रोव्होल्ट सांभाळायचा आहे. चिप निवडणं हा यातला सगळ्यात सोपा भाग होता.

१५ ऑक्टोबर

आज फक्त उंच्या मोजल्या. सर्किटचं चित्र बाजूला, हातात व्हर्नियर.

तळ ३ मिमी, झाकण ३ मिमी, म्हणजे आत ३६. बोर्ड ६ मिमीच्या पितळी स्पेसरवर, बोर्डाची जाडी १.६, म्हणजे बोर्डावर उभ्या वस्तूला २८ मिमी, त्यातही दोन-तीन मोकळे हवेत. ४७०० मायक्रोफॅरडचा ३५ व्होल्टचा एक कपॅसिटर यात उभा राहत नाही. त्याऐवजी १००० चे चार समांतर, प्रत्येकी २५ मिमीच्या आतले. जागा जास्त खातात पण डबा लांब-रुंद कितीही चालतो, उंचीलाच काय ते दारिद्र्य आहे.

रेग्युलेटरला (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या चिपला) उभं हीटसिंक नाही. एलएम ३१७ आणि एलएम ३३७ आडवे पाडून थेट तळाच्या पत्र्याला कसायचे. मध्ये अभ्रकाची चकती आणि स्क्रूला प्लॅस्टिकचं बुश हवंच, कारण ३१७ च्या पाठीवर आउटपुट असतं आणि ३३७ च्या पाठीवर चक्क इनपुट.

राहिला टोरॉइड, म्हणजे कड्याच्या आकाराचा ट्रान्सफॉर्मर. ३० व्हीएचा (व्होल्ट-ॲम्पिअर) तयार टोरॉइड साधारण ७० मिमी व्यासाचा आणि ३२ च्या आसपास उंच मिळतो. खाली-वर रबराच्या चकत्या, त्यावर लोखंडी बशी, मधून जाणारा बोल्ट, त्याचा नट. बेरीज केली की ३६ ओलांडतो.

२३ ऑक्टोबर

खंडेनवमी. मेव्हण्याचं भोसरी एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे, तिथे पूजेला गेलो. मशीनला झेंडूच्या माळा, लेथवर हळदकुंकू, आज कुठलंच चाक फिरणार नाही. डब्याचं ड्रॉइंग काढायला याहून चांगला मुहूर्त नाही, कारण माणूस मोकळा सापडतो.

त्यानं ड्रॉइंग पाहिलं आणि पहिलाच प्रश्न: "दाजी, झाकण तीन मिलीचं कशाला?"

म्हटलं, वाकायला नको.

"दीडचं घ्या. मी चारी बाजूंनी कड मोडून देतो, वर उभे राहिलात तरी वाकणार नाही. पुढचं पान चार मिलीचं ठेवा, दिसायला. मागचं तीन."

एका वाक्यात दीड मिमी मिळाले. आतली उंची ३७.५. जे मी आठवडाभर कपॅसिटरच्या कॅटलॉगमध्ये शोधत होतो ते पत्र्याच्या घडीत होतं.

ॲल्युमिनियमला काळं ॲनोडायझिंग करायचं ठरलं. ते दिसतं छान, पण ॲनोडायझिंगचा थर वीजरोधक असतो. म्हणजे तळ, झाकण, पुढचं पान, मागचं पान ही चार वेगवेगळी बेटं होतात. डब्याला अर्थिंग केलं असं आपण समजतो आणि प्रत्यक्षात फक्त तळालाच अर्थिंग झालेलं असतं. मेव्हण्याला सांगून ठेवलंय की प्रत्येक पत्र्याच्या आतल्या कोपऱ्यात एक रुपयाएवढी जागा झाकून मगच ॲनोडायझिंगला पाठव.

५ नोव्हेंबर

ट्रान्सफॉर्मर वाइंडिंगवाल्याकडे. पुण्यातल्या तापकीर गल्लीतल्या एका दुकानदारानं पत्ता दिला. जिना चढून वर गेलं की वार्निशचा वास येतो, तेव्हा समजायचं आलो. मागितलं ते असं: २० व्हीए, १५-०-१५ आणि वेगळी दोन ९ व्होल्टची वाइंडिंग. व्यास ८० झाला तरी चालेल, उंची ३२ च्या वर नको. मधलं भोक एपॉक्सीनं भरायचं आणि त्यात खालून बोल्ट घुसेल असा पितळी नट बसवायचा.

शेवटच्या अटीवर तो थोडा कुरकुरला. आरपार बोल्ट टाकला की काम पाच मिनिटांचं आहे, तुम्ही एपॉक्सी का म्हणताय?

कारण चपट्या डब्यात आरपार बोल्ट धोक्याचा आहे. टोरॉइडच्या मधल्या भोकातून जाणारा बोल्ट खाली तळाला कसलेला असतो. त्याचं वरचं टोक झाकणाला टेकलं, तर बोल्ट, झाकण, बाजूचा पत्रा आणि तळ मिळून कोअरभोवती एक पूर्ण वेढा तयार होतो. हे ट्रान्सफॉर्मरचं आणखी एक सेकंडरी झालं, एकाच वेढ्याचं, आणि तेही शॉर्ट. एवढ्या लहान ट्रान्सफॉर्मरमध्ये एका वेढ्याला व्होल्टचा जेमतेम दहावा भाग येतो, पण त्या वाटेचा रोध मिलीओममध्ये असतो, त्यामुळे करंट प्रचंड वाहतो. ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो, तापतो, फ्यूज उडाला तर नशीब. ॲनोडायझिंगमुळे ही गोष्ट आणखी फसवी होते. पहिल्या दिवशी थर मध्ये असतो म्हणून काहीच होत नाही. मग कधीतरी झाकण पुन्हा आवळलं, बोल्टच्या टोकानं थर खरवडला की डबा बंद असतानाच बोंब, आणि बघायला उघडला की सगळं ठीक.

एवढं ऐकल्यावर त्यानं दोन आठवडे सांगितले, म्हणजे दिवाळीनंतर.

१५ नोव्हेंबर

भाऊबीज. बायकोला ओवाळणी, मला डबा. चौकोन अगदी काटकोनात, कडा घासून मऊ केलेल्या, आटे एम ३ चे आणि स्वच्छ. मागच्या पानावर आरसीएची (ॲम्प्लिफायरकडे जाणाऱ्या तारांची) भोकं आणि यूएसबीचं भोक तयार आहे. आयईसी सॉकेटचा (मेन्सची तार खुपसायच्या सॉकेटचा) चौकोन मात्र मी मुद्दाम माझ्याकडे ठेवला होता, कारण सॉकेट हातात आल्याशिवाय त्याचं माप कुणी खात्रीनं सांगू शकत नाही.

दुपारभर तेच. आधी आखणी, मग पंचनं खुणा, कडेकडेनं ड्रिलची भोकं, मधला तुकडा तोडून काढायचा आणि मग कानस. ॲल्युमिनियम कानशीच्या दातात अडकतं आणि पुढच्या घासेला पत्र्यावर ओरखडा ओढतं. कानशीला आधी खडू चोळला की चुरा धरत नाही. शेवटच्या अर्ध्या मिलिमीटरला सॉकेट दर चार घासांनी लावून बघत होतो. बसलं तेव्हा टक् असा आवाज आला आणि मग ते निघेना. ॲनोडायझिंगला जाण्याआधी ते काढायला परत अर्धा तास.

१९ नोव्हेंबर

ट्रान्सफॉर्मर मिळाला. उंची ३१.५. वाइंडिंगवाल्यानं कुरकुर करूनही एपॉक्सी सुबक भरलं आहे.

पॉवर सप्लाय जोडून पहिल्यांदा चालू करताना सिरीज बोर्ड. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब मेन्सच्या फेजमध्ये, त्याच्यामागे आपलं यंत्र. बल्ब क्षणभर मिणमिणला आणि विझला, म्हणजे कपॅसिटर भरले आणि कुठे शॉर्ट नाही. बल्ब भगभगत राहिला असता तर स्विच बंद करून हात मागे. एलईडी बल्बच्या जमान्यात हे ६० वॅटचे बल्ब मिळेनासे होत चाललेत, ज्यांच्याकडे असतील त्यांनी टाकू नयेत.

ऑप-ॲम्पसाठी (चिपच्या करंटचं व्होल्टेज करणाऱ्या छोट्या ॲम्प्लिफायर चिपसाठी) अधिक-उणे १२ व्होल्ट ठेवले. बरेच जण १५ देतात. हिशोब असा: चिपचं आउटपुट व्होल्टेज नसून करंट आहे, पूर्ण आवाजाला ७.८ मिलिॲम्पिअर शिखर ते शिखर, आणि शांततेतही ६.२ मिलिॲम्पिअर वाहतच असतो. तो ७५० ओहमवर पडला की ४.६५ व्होल्ट डीसी, त्याच्या वर-खाली सुमारे २.९ व्होल्टचं संगीत. म्हणजे ऑप-ॲम्पला कमाल साडेसात-पावणेआठ व्होल्टपर्यंत जावं लागतं. १२ मध्ये ते आरामात बसतं आणि आडव्या पडलेल्या रेग्युलेटरला उष्णता कमी.

तेवढ्यासाठी १५ व्होल्टचं वाइंडिंग का, १२ चं का नाही? आमच्याकडे संध्याकाळी मेन्स कधी २०५ वर येतं. १२ व्होल्टचं वाइंडिंग रेक्टिफायरनंतर नीट मेन्सवरही साडेपंधरा देतं, आणि ३१७ ला स्वतःच्या पोटापाण्याला अडीच-तीन व्होल्ट लागतात. मेन्स खाली गेलं की उरत काहीच नाही.

चिपच्या ५ व्होल्टच्या ॲनालॉग पायांसाठी मात्र एलटी ३०४२. याचा स्वतःचा गोंगाट १० हर्ट्झ ते १०० किलोहर्ट्झ पट्ट्यात ०.८ मायक्रोव्होल्ट. खर्च केला तर इथे.

३ डिसेंबर

चिप बसवली. अट्ठावीस पाय, दोन पायांमध्ये ०.६५ मिमी.

चिप अधिकृत वितरकाकडूनच घेतली. स्वस्तात मिळणाऱ्या पीसीएम १७९४ए च्या पाठीवर वाळूनं घासून नवं नाव छापलेलं असतं अशा कहाण्या पुष्कळ आहेत, आणि एका ऑनलाइन विक्रेत्याकडून आलेली अशीच एक चिप माझ्या डबीत पुरावा म्हणून आहे. ॲसिटोनचा बोळा फिरवला की नाव बोळ्यावर.

पद्धत: बोर्डाच्या पट्ट्यांवर फ्लक्स भरपूर, कंजूषपणा नको. चिमट्यानं चिप ठेवायची, भिंगातून दोन्ही बाजूंचे पाय पट्ट्यांवर सरळ आलेत का बघायचं, मग समोरासमोरच्या कोपऱ्यांतला एकेक पाय सोल्डरनं टाकायचा. इथे थांबून पुन्हा भिंग. एक पाय टाकलाय तोवर चिप सरकवता येते, दोन टाकल्यावर अवघड, सगळे टाकल्यावर अशक्य. नंतर टोकावर सोल्डरचा थेंब घेऊन पायांच्या रांगेवरून सावकाश ओढत न्यायचं. फ्लक्स असेल तर सोल्डर आपणहून पायाला धरतं आणि मधल्या फटीतून मागे सरतं. शेवटच्या दोन पायांत थेंब अडकतो, तो तांब्याच्या वेणीनं टिपायचा. मग आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि जुना टूथब्रश. फ्लक्सचा थर निघाल्यावर पाय एकेक वेगळा, चकचकीत दिसतो तेव्हा कुठे श्वास सुटतो.

आय-रेफच्या पायाला १० किलोओहम, एक टक्क्याचा मेटल फिल्म. चिपचा सगळा आउटपुट करंट यावरून ठरतो, म्हणून इथे उगाच डब्यातला सापडेल तो रेझिस्टर नको.

१० डिसेंबर

घड्याळाचा दिवस.

यूएसबीचा बोर्ड तयार घेतला, त्यावर डॅकला घड्याळाचा ठोका देणारे दोन क्रिस्टल आहेत: २२.५७९२ मेगाहर्ट्झ आणि २४.५७६ मेगाहर्ट्झ. पहिला सीडीच्या कुळासाठी, ४४,१०० चे ५१२ पट. दुसरा ४८,००० चे ५१२ पट. संगीत ज्या कुळातलं, तो क्रिस्टल चालू. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावरून थेट आय-टू-एस (चिपला आवाजाचे आकडे पोचवणारा सिग्नल) घेतलं तर ही चैन नसते, त्याला आपल्याच घड्याळाला अपूर्णांकानं भागून ४४.१ जवळपास आणावा लागतो.

या चिपला मास्टर क्लॉक (मुख्य ठोका) १२८ पटीपासून ७६८ पटीपर्यंत चालतो. आता गंमत बघा: २४.५७६ हा ४८ चा ५१२ पट, ९६ चा २५६ पट आणि १९२ चा बरोबर १२८ पट. चिपची वरची मर्यादा आणि क्रिस्टलचं गणित एकाच जागी संपतं. मध्ये कुठलाही भागाकार नाही.

४४,१०० हा अवघड आकडा कुठून आला हे कधी विचारात घेतलं नसेल तर: सीडीच्या आधी डिजिटल ध्वनी व्हिडिओ टेपवर साठवत. चित्राच्या प्रत्येक ओळीत ३ नमुने. अमेरिकी पद्धतीत वापरण्याजोग्या २४५ ओळी, सेकंदाला ६० फील्ड: ३ × २४५ × ६० = ४४,१००. युरोपी पद्धतीत २९४ ओळी, ५० फील्ड: ३ × २९४ × ५० = ४४,१००. दोन्हीकडे जुळणारा आकडा म्हणून तोच १९८२ मध्ये सीडीसोबत बाजारात आला आणि अजून माझ्या टेबलावर क्रिस्टलच्या डबीवर कोरलेला आहे.

यूएसबीची बाजू आणि डॅकची बाजू यांच्यामध्ये आयसोलेटर (तारेनं न जोडता सिग्नल पलीकडे नेणारी चिप) आहे आणि क्रिस्टल डॅकच्या बाजूला. याचं कारण पोरानं शोधलं. लॅपटॉप दोन पिनांच्या चार्जरवर असताना त्याच्या धातूच्या अंगावरून उलटा हात फिरवला की झिणझिण्या येतात. चार्जरमधल्या छोट्या कपॅसिटरमधून मेन्सची गळती असते ती. माणसाला अपाय नाही, पण हीच गळती यूएसबीच्या ग्राउंडवरून डॅकमध्ये आणि तिथून ॲम्प्लिफायरमध्ये जायला बघते. आयसोलेटरनं ती वाट बंद.

रात्री साडेदहाला पहिला आवाज. एकच चॅनल, उघड्या बोर्डावर, मगरचिमट्यांनी. तबल्याची लग्गी होती. आवाज आला एवढीच नोंद, कारण पहिल्या दिवशी सगळंच छान वाटतं.

१७ डिसेंबर

करंटचं व्होल्टेज करणारा टप्पा दोन्ही चॅनलचा पूर्ण. एनई ५५३४, फीडबॅकमध्ये ७५० ओहम आणि २२०० पिकोफॅरड, म्हणजे कापणी ९६ किलोहर्ट्झच्या आसपास. कपॅसिटर सी-झीरो-जी जातीचेच, साधे सिरॅमिक व्होल्टेजप्रमाणे आपली किंमत बदलतात. ५५३४ एकपट गेनला आपणहून स्थिर नसतो, त्याच्या ५ आणि ८ नंबरच्या पायांमध्ये २२ पिकोफॅरड लागतोच. महागडे ऑप-ॲम्प लावून बघायचा मोह आहे. तूर्त आवरला.

पुढच्या टप्प्यात चिपच्या एकमेकांच्या उलट अशा दोन आउटपुटांची वजाबाकी, त्यात ते ४.६५ व्होल्टचं डीसी आपोआप कटतं. गेन अर्धा ठेवलाय, त्यामुळे शेवटी २ व्होल्ट आरएमएस, सीडी प्लेयर देतो तेवढे.

२४ डिसेंबर

सगळं डब्यात घातलं आणि गुणगुण आली.

स्पीकरला कान लावल्याशिवाय ऐकू येत नव्हती, पण टेबलावर पसरलेलं असताना नव्हतीच. लॅपटॉपला साउंड कार्ड लावून स्पेक्ट्रम बघितला, कारण कानानं फक्त गुणगुण आहे एवढं कळतं, कुठून आहे ते कळत नाही. स्पेक्ट्रममध्ये सुया दिसतात. १०० आणि २०० वर सुया असत्या तर रेक्टिफायर किंवा फिल्टर कपॅसिटरकडे जायचं. इथे ५०, १५०, २५० अशा विषम जागी होत्या. म्हणजे ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र थेट ऑप-ॲम्पच्या वाटेवर पडतंय.

यूएसबीची तार काढली, सुया तिथेच. ॲम्प्लिफायर सोडवला, साउंड कार्ड बॅटरीवर नेलं, तरी तिथेच. म्हणजे बाहेरचा ग्राउंड लूप (जोडलेल्या यंत्रांच्या ग्राउंडमधून फिरणारा करंट) नाही. घरातलंच भांडण.

टोरॉइडचं क्षेत्र बाहेर गळत नाही असं सगळीकडे लिहिलेलं असतं. आदर्श टोरॉइडचं गळत नाही. खऱ्या टोरॉइडमध्ये वेढे सगळीकडे सारखे नसतात, आणि जिथून तारा बाहेर निघतात त्या बाजूला गळती सगळ्यात जास्त. मधला स्क्रू सैल केला, झाकण उघडंच, यंत्र चालू, लाकडी पट्टीनं ट्रान्सफॉर्मर थोडाथोडा फिरवत पडद्यावरच्या ५० च्या सुईकडे बघत राहिलो. (मेन्सचे सगळे टोक श्रिंक ट्यूबमध्ये आहेत आणि एक हात खिशात. हे वाचून कुणी करणार असेल तर त्याशिवाय करू नये.) तारांची बाजू चिपकडे असताना सुई उणे ९८ डीबीवर. फिरवत फिरवत तारा डाव्या कोपऱ्याकडे, साधारण घड्याळातल्या आठकडे गेल्या तेव्हा उणे १०९. अकरा डीबी फुकटात, एक पैसा न घालता. तिथे पेन्सिलची खूण करून स्क्रू कसला.

उंच डब्यात एवढ्यावर भागलं असतं, ट्रान्सफॉर्मर एका मजल्यावर आणि बोर्ड दुसऱ्यावर ठेवता येतो. इथे दोघंही एकाच पातळीत समोरासमोर बसलेत. मध्ये आडोसा हवा. मेव्हण्याला फोन केला, त्यानं सहज विचारलं, ॲल्युमिनियमची पट्टी पाठवू का? ॲल्युमिनियम ५० हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्राला अडवत नाही, ते आरपार जातं. लोखंड हवं, जे क्षेत्राला आपल्यात ओढून घेतं. "मग एमएसचा एक मिलीचा तुकडा भंगारात पडलाय, तो मोडून देतो."

३१ डिसेंबर

एमएसची एल आकाराची पट्टी बसवली, उंची ३४, रंग फासून. ५० ची सुई उणे ११८ वर. १५० आणि २५० तळाच्या गोंगाटात बुडाल्या. माझ्या साउंड कार्डाची मोजायची कुवत तिथेच संपते, त्यामुळे पुढचं श्रेय चिपचं की पट्टीचं हे याच्यापुढे सांगता येणार नाही.

मोजमाप चालू असताना बाहेर बारा वाजले आणि फटाके. खिडकी बंद केली.

७ जानेवारी २०२४

ॲनोडायझिंग होऊन डबा परत. झाकलेल्या जागा शाबूत आहेत. आज फक्त अर्थिंगचं काम केलं.

आयईसीच्या अर्थ पिनेपासून हिरवी-पिवळी तार थेट तळावर, दातेरी वायसरखाली, स्वतःच्या बोल्टवर. त्या बोल्टवर दुसरं काहीही कसायचं नाही. तिथून झाकण, पुढचं पान, मागचं पान यांना आखूड तारा. मग मल्टिमीटर बीपवर लावून एक टोक प्लगच्या अर्थ पिनेला आणि दुसरं टोक प्रत्येक पत्र्याच्या उघड्या जागेला. चारही ठिकाणी बीप. बाहेरच्या काळ्या अंगावर टोक ठेवलं तर मीटर गप्प, म्हणजे थर चांगला चढलाय.

सर्किटचं ग्राउंड डब्याला थेट जोडलेलं नाही. मध्ये १० ओहमचा रेझिस्टर आणि त्याला समांतर ब्रिज रेक्टिफायरचे डायोड. नेहमीच्या वेळी १० ओहम लूपमधला करंट रोखतो. उद्या आत मेन्सची तार सुटून सर्किटवर पडलीच, तर डायोड तो सगळा करंट अर्थिंगला पोचवतात आणि फ्यूज उडतो. गुणगुण घालवायला प्लगची अर्थ पिन कापणारे लोक मी पाहिलेत. धातूच्या डब्याला ते कधीही करू नये.

मेन्सचा स्विच मागेच ठेवला. पुढे आणला असता तर २३० व्होल्टची तार ॲनालॉग बोर्डाच्या शेजारून डबाभर फिरली असती. पुढच्या पानावर फक्त एक हिरवा एलईडी, तोही १५ किलोओहममधून, नाहीतर रात्री हॉलभर उजेड.

१४ जानेवारी

ऐकण्याचा दिवस. तुलनेला आधी वापरत होतो तो छोटा यूएसबी डॅक.

दोन्हींची पातळी मल्टिमीटरनं १ किलोहर्ट्झवर जुळवून घेतली, ०.१ डीबीच्या आत. जो किंचित मोठा वाजतो तो कानाला चांगला वाटतो, त्यामुळे हे केल्याशिवाय तुलनेला अर्थ नाही. स्विच बायकोच्या हातात, मी पाठमोरा. तिनं कुठला लावलाय ते सांगायचं नाही.

तबला, सरोद, बायकी आवाज, नाट्यसंगीताचं जुनं ध्वनिमुद्रण: मला फरक ओळखता आला नाही. ओळखला असं जिथे वाटलं तिथे निम्म्याला उलटं निघालं. फक्त तानपुऱ्यात, षड्जाची तार विरत जाते त्या शेवटाशी, छोट्या डॅकवर लॅपटॉपची बारीक चिरचिर मागे राहत होती आणि यावर नव्हती. ती प्रत्येक वेळी ओळखली. पण ती चिरचिर यूएसबीच्या ग्राउंडची. त्या छोट्या डॅकलाही आयसोलेटर लावला तर तीही जाईल.

"एवढं करून सारखंच वाजतंय?" असं तिनं विचारलं.

हो. दोन्ही बरोबर वाजतायत.

२१ जानेवारी

झाकण लावलं. टोरॉइडच्या डोक्यावर आणि झाकणाच्या मध्ये ३ मिमीहून थोडी जास्त फट, तरी तिथे फिशपेपरची (वीजरोधक कागदाची) चकती चिकटवली आहे. चार तास चालवून झाकणावर हात ठेवला, कोमट. रेग्युलेटरजवळ तळ थोडा जास्त गरम, पण बोट ठेवता येतं.

शोकेसच्या फटीत सरकला, वर हवेला ठरल्याप्रमाणे जागा आहे. एकच अडचण आली: शोकेसमागच्या सॉकेटमध्ये मीटर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये ३८ व्होल्ट दाखवतोय. टेबलाजवळच्या सॉकेटला दीड व्होल्ट होते. म्हणजे शोकेसमागचा अर्थ कुठेतरी सुटलेला आहे, आणि मी पत्र्यांना जोडलेल्या चार तारांचा तिथे काहीच उपयोग नाही. इतकी वर्षं त्यावर दोन पिनांचा ॲम्प्लिफायर चालत होता म्हणून कळलं नाही.

वायरमन मंगळवारी येणार आहे. शोकेस हलवावी लागेल, हे घरात अजून सांगितलेलं नाही. तोवर डॅक टेबलावरच, दीड व्होल्टच्या सॉकेटवर.